लांब प्रार्थना

मोठीनं शनिवारी सगळ्या घराचे पडदे धुवायला काढले, तेव्हाच आईनं ओळखलं, की हिची बॅग भरून झालेली आहे.

घरी येऊन तिला नऊ दिवस झाले होते. पहिले दोन दिवस ती नुसती झोपली. तिसऱ्या दिवशी तिनं औषधांचं कपाट तारखेप्रमाणे लावलं, चौथ्या दिवशी जिन्याचा कठडा साबणानं घासला, सहाव्या दिवशी धाकट्याच्या चष्म्याच्या दुकानात जाऊन मांडलेल्या सगळ्या फ्रेमी एकेक करून पुसल्या. "ताई, गिऱ्हाइकांना वाटेल दुकान विकायला काढलंय," असं तो म्हणाला, तरी तिचे हात थांबले नाहीत. आणि आता पडदे. निघायच्या आधी घर असं लख्ख करून ठेवायची रीत आईचीच होती. तिला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

आईचा नेम पन्नास वर्षांचा. उठल्यावर पाण्याचा घोट घेण्याआधी पवित्र शास्त्रातला एक अध्याय, आणि मग यादी. यादी कागदावर नव्हती, मनात होती. कोण आजारी, कोण दूर, कोण रुसलेलं. रविवारी सकाळी त्या यादीत मोठीच्या नावाशी ती अडली. काय मागावं? हिला जाऊ दे म्हणावं, की राहू दे? शेवटी तिनं नुसतं नाव घेतलं, थोडा वेळ तशीच बसली, आणि मग पाणी प्यायली.

चर्चमधल्या उपासनेहून आल्यावर पाचही जण जेवायला बसले. टेबलाला सहा खुर्च्या, त्यांतल्या एकीचा पाय ढिला, म्हणून ती भिंतीला टेकवून ठेवलेली असायची. नेमकी तीच ओढून घेऊन मोठी तोल सांभाळत बसली होती. घरातली मोडकी वस्तू तिच्याच वाट्याला कशी यायची, की ती आपण होऊन घ्यायची, हे आईला सत्तेचाळीस वर्षांत उमगलं नव्हतं.

"उद्या सातला गाडी येतेय," भात वाढून घेत मोठी म्हणाली. "ड्रायव्हरमामा औषधं न्यायला खाली येणारच आहेत. त्यांच्याबरोबर मी वर जाते."

वर म्हणजे डोंगरावरचं मिशनचं शुश्रूषागृह. पप्पांच्या वडिलांनी ते दोन खाटांवर सुरू केलं होतं. आता खाटा चाळीस झाल्या होत्या आणि तेवीस वर्षं मोठी तिथली सिस्टर होती. ज्यांना घरी नेणारं कुणी उरलेलं नाही अशी माणसं तिथे असत, शेवटपर्यंत. मिशनच्या अधीक्षकांनी तिला पत्र देऊन खाली पाठवलं होतं: सहा आठवडे संपूर्ण विश्रांती, कोणतीही शुश्रूषा करायची नाही. पत्रात कारण नव्हतं. मोठीनंही सांगितलं नव्हतं.

"सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस," धाकटा म्हणाला. "आज दहावा."

"मला बरं वाटतंय."

"हे अधीक्षकांना कळवलंस?"

"त्यांना काय कळवायचं? वर छोटी सिस्टर एकटी आहे. चाळीस माणसांची उठबस तिच्यावर, आणि मी इथे पडदे धुतेय."

"पडदे धुवायला कुणी सांगितलं तुला? पत्रात विश्रांती लिहिलीय. मी चष्मा लावून वाचलंय, आणि चष्मा माझ्याच दुकानातला आहे."

टेबलाच्या टोकाला बसलेल्या पप्पांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली तरी त्यांनी पेला ठेवला की बाकीचे गप्प व्हायचे. चाळीस वर्षांच्या पाळकपणाची ती सवय होती, त्यांचीही आणि घराचीही.

"जाऊ दे तिला," ते म्हणाले. "पाचारण झालेल्या माणसाला खुर्चीत बसवलं म्हणून बरं वाटत नाही. सेवेला सुट्टी नसते."

"बघ," मोठी भावाला म्हणाली. "पप्पांनी घेतली का कधी? लांब प्रार्थनेच्या दिवशी अंगात ताप होता त्यांच्या. तरी उभे राहिलेच ना?"

लांब प्रार्थना ही त्या घराची गोष्ट होती. मोठी बारा वर्षांची असताना एका रविवारी पप्पा उपदेशाच्या आधी प्रार्थनेला उभे राहिले, डोळे मिटले, आणि अकरा मिनिटं एक शब्दही बोलले नाहीत. मंडळीची शिस्त अशी, की पाळकानं आमेन म्हटल्याशिवाय कुणी बसायचं नाही. दोनशे माणसं उभी राहिली. तान्ही मुलंसुद्धा रडली नाहीत, असं पुढे सांगत. पहिल्या बाकावरच्या मोठीनं त्या शांततेत ठरवून टाकलं, की आपलं आयुष्य देवाच्या कामाला द्यायचं. परिचारिकेच्या प्रशिक्षणाला जाताना, वर रुजू होताना, दर वेळी ती हीच गोष्ट सांगायची. आणि ती सांगू लागली की पप्पा मान खाली घालून ऐकायचे.

आज मात्र त्यांनी ताट बाजूला सारलं. अर्धा भात तसाच होता. आईनं ते पाहिलं.

"मला वाटतं, ताईंना जाऊ द्यावं," एवढ्यात टीचर म्हणाली.

टीचर म्हणजे धाकट्याची बायको. प्राथमिक शाळेत शिकवायची, म्हणून घरातही सगळे तिला टीचरच म्हणत. धाकट्यानं घास हातात धरून तिच्याकडे पाहिलं.

"अगं, कालपर्यंत तर तू म्हणत होतीस, ताईला बांधून ठेवा—"

"कालचं काल."

"म्हणजे आता तीन विरुद्ध एक? आई, तू कुणाकडून?"

"मी भाजी वाढतेय," आई म्हणाली.

*

टीचरनं कप विसळून पालथे घातले आणि वळली, तोवर मोठीनं ते उचलून पुन्हा नळाखाली धरले होते.

रोज हेच चाललं होतं. टीचर धुवायची, मागून मोठी धुवायची. टीचरनं घड्या घातलेले टॉवेल मोडून मोठी तिहेरी घड्या घालायची, कारण वर तशाच घालतात. पहिल्या दिवशी टीचरला वाईट वाटलं होतं, चौथ्या दिवशी राग आला होता. आज दोन्हींची भेसळ झाली होती.

"ताई, ते धुतलेत."

"हो का? कडेला राहिलं होतं थोडं."

"नव्हतं राहिलं."

मोठीनं कप ठेवला. मग टीचरनं नळ बंद केला.

"रागावू नका. मी जाऊ द्या म्हटलं, ते तुमच्या बाजूनं नाही म्हटलं," ती हळू आवाजात म्हणाली. वर्गातल्या मुलांवर रागावतानाही तिचा आवाज खालीच जायचा. "चार वर्षं झाली, रोज सकाळी साडेपाचला उठून पप्पांच्या पायाची जखम मी धुते. गॉज, मलम, पट्टी. मग साखर तपासायची, मग डबे, मग शाळा. बत्तीस मुलं. परत आल्यावर पुन्हा पाय. आईंना जिना उतरवत नाही, म्हणून उपासनेला हात धरून नेते. मी तक्रार करत नाही हं. पप्पा मला मुलगीच मानतात. पण तुम्ही दमलात, तर तुमच्यासाठी मिशनचं पत्र येतं. सही-शिक्क्याचं. माझ्या दमण्याचं पत्र कोण लिहिणार?"

मोठीच्या ओल्या हातांतून पाणी फरशीवर ठिबकत होतं. तिनं ते पुसलं नाही. टीचरच्या हे लक्षात आलं, आणि तिला जरा भीती वाटली. मोठी कुठलंच पाणी असं सांडू देणारी नव्हती.

"मला कळलंच नाही," मोठी म्हणाली. "दहा दिवस मी तुझ्या घरात आहे आणि मला दिसलंच नाही. हेच झालंय मला. दिसत नाही."

"म्हणजे?"

मोठी ओट्याला टेकून उभी राहिली.

"वर रोज सकाळी वहीतून नावं वाचायची पद्धत आहे, आजोबांपासूनची. आधी जे आहेत त्यांची. दिवस सुरू होताना कुणीतरी आपलं नाव घेतलं पाहिजे, म्हणून. मग सगळे उभे राहतात, आणि त्या वर्षात जे गेले त्यांची नावं, उपकार मानून. तेवीस वर्षं मी वाचतेय. तर त्या दिवशी, गेलेल्यांच्या नावांत, मी बँडमास्तरांचं नाव वाचलं."

"ते गेले?"

"ते समोर बसले होते. पहिल्या रांगेत, चाकांच्या खुर्चीत."

टीचरनं तोंडावर हात ठेवला.

"आयुष्यभर मिरवणुकीत वाजवलंय त्यांनी, आवाज अजून खणखणीत आहे. म्हणाले, 'सिस्टर, अजून नाही. आधी नाष्टा.' सगळे हसले, टीचर. जी बाई सहा महिने बोलली नव्हती, ती हसली. मी नाही हसले. मला लाजही वाटली नाही. मी पुढचं नाव वाचलं." ती थांबली. "चूक काय, कुणाचीही होते. पण मला काहीच वाटलं नाही गं. दार उघडून बघावं आणि आत सामानच नसावं, तसं. अधीक्षक त्या दिवशी आलेले होते. मागे उभे होते."

"आणि तुम्ही उद्या परत तिथेच निघालात."

"इथे बसलं की ते रिकामं घर दिसतं. काम करताना दिसत नाही."

टीचरनं पालथे घातलेले दोन कप पुन्हा सुलटे केले.

"बसा," ती म्हणाली. "चहा करते. आणि मी मघाशी जे म्हटलं ते मागे घेते."

"कुठलं? जाऊ द्यायचं, की दमल्याचं?"

"जाऊ द्यायचं. दमल्याचं तसंच ठेवा."

*

स्वयंपाकघर आणि पप्पांची खोली यांच्यामध्ये पातळ लाकडी भिंत होती. पप्पांच्या डोळ्यांनी दगा दिला होता, पायांनी दिला होता, कान मात्र शाबूत होते. कुबडी शेजारी टेकवून, पट्टीचा पाय समोर स्टुलावर ठेवून ते खुर्चीत बसले होते, आणि एकेक शब्द त्यांना ऐकू आला होता.

दार उघडून आई गोळ्या घेऊन आत आली. तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि गोळ्या टेबलावर ठेवून दिल्या.

"ऐकलंत ना?"

"हं."

"आता तरी सांगा तिला."

"पस्तीस वर्षांनी? काय उपयोग?" पप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले. बाहेर दोरीवर धुतलेले पडदे अजून लटकत होते. "पोरीनं आयुष्य बांधलंय त्याच्यावर. मी जाऊन खालची वीट काढू?"

"वीट आहे की ओझं आहे, ते तिला ठरवू द्या."

"तू रागावलीस."

"मी रागावत नाही. मी रोज मागते, तुम्ही सांगाल म्हणून. माझ्या यादीत हे पहिल्या नंबरावर आहे, तुमच्या साखरेच्याही वर. साखर निदान कधीमधी उतरते."

पप्पांना हसू आलं आणि लगेच गेलं. लेकीचे जेवतानाचे शब्द त्यांना पुन्हा ऐकू आले. 'तरी उभे राहिलेच ना?' उभा राहिलो, ते मनात म्हणाले. उतरायचं कसं तेच कळेना, म्हणून उभा राहिलो.

"घाबरतोय मी," ते म्हणाले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या तोंडून तो शब्द सहज निघाला, याचं त्यांनाच नवल वाटलं. "तिच्या नजरेत मी पडेन."

आईनं गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली.

"त्या दिवशीही हेच म्हणाला होतात. दोनशे माणसांच्या नजरेत पडेन म्हणून. मी तिथेच होते ना? आणि आजही आहे. पाणी प्या."

*

घरातली प्रार्थना संध्याकाळी सहाला. तिथेही पप्पांची खुर्ची मध्ये, बाकीचे भोवती. मोठी दाराजवळ बसली होती. तिची बॅग तिच्या मागेच, भिंतीशी उभी होती. टीचर आज तिला खेटून बसली आहे आणि धाकटा दोघींकडे आळीपाळीनं संशयानं बघतो आहे, हे तिच्या लक्षात आलं. गीत झालं. आता पप्पा प्रार्थना करतील म्हणून तिनं डोळे मिटले.

"डोळे उघड, मोठे," पप्पा म्हणाले. "देवाशी नंतर बोलतो. आधी तुझ्याशी."

तिनं डोळे उघडले.

"त्या वर्षी तापाची साथ होती. एका महिन्यात मी एकोणीस अंत्यविधी केले. त्यांतले सात लहान मुलांचे. घरी येऊन आंघोळ करायची, दुसऱ्या घरी जायचं. झोप बंद झाली. तुझ्या आईला कळत होतं. मी म्हणायचो, सेवेला सुट्टी नसते. त्या रविवारी मी उभा राहिलो, डोळे मिटले, आणि..." त्यांनी आईकडे पाहिलं. आई त्यांच्याकडेच बघत होती. "काही नव्हतं. शब्द नव्हते. देवाला काय म्हणून हाक मारतात, ते आठवेना. आपण कुठे उभे आहोत, तेही कळेना. समोर खोकल्याचे आवाज येत होते, तेवढे कळत होते. आमेन म्हटलं की सुटका, एवढं कुठेतरी आत ठाऊक होतं, पण तो शब्दच सापडत नव्हता. मी प्रार्थना करत नव्हतो, पोरी. मी मोडलो होतो."

घराखालच्या लाँड्रीतून इस्त्रीची वाफ सुटल्याचा आवाज आला.

"पण आमेन झालं होतं," मोठी म्हणाली. तिचा आवाज तिला परका वाटला. "मी ऐकलं होतं. हळू आवाजात. मला वाटलं, तुमचा आवाज भरून आलाय."

"मी म्हटलं होतं," आई म्हणाली.

मोठीनं वळून पाहिलं.

"बायकांच्या बाकांतून पाळकाआधी आमेन म्हणायचं नसतं. पण कुणीतरी म्हणायला हवं होतं. लोक बसले, मग मी पुढे जाऊन यांचा हात धरला आणि खाली उतरवलं. लोकांना वाटलं, आत्म्यानं भारावलेत. दुसऱ्या दिवशी आपण माझ्या भावाकडे गेलो. तीन महिने."

"तेव्हा तर घराला रंग देत होते!" धाकटा म्हणाला.

"नव्हते देत."

"मी परत आल्यावर म्हटलं होतं, की भिंती तशाच आहेत! त्यावर मला एक चापट बसली होती!"

"मीच दिली होती," आई म्हणाली. "चुकलं माझं. तुझं बरोबर होतं."

"पस्तीस वर्षं मला वाटतंय, माझ्या नजरेतच खोट आहे. चष्म्याचं दुकान काय उगाच काढलं मी?"

टीचरला हसू फुटलं आणि तिनं ते पदराआड दडवलं. मोठी हसली नाही. तिला राग शोधायचा होता, आणि तो येत नव्हता. त्याऐवजी दुसरंच काहीतरी येत होतं, बधिर पायात रक्त फिरू लागल्यावर मुंग्या येतात तसं.

"मग मी कशाच्या मागे चालत आले, पप्पा?" तिनं विचारलं. "मला त्या शांततेत हाक ऐकू आली होती. ती काय होती? तुमचं आजारपण?"

पप्पा खुर्चीतल्या खुर्चीत तिच्याकडे वळले.

"तिथे देव नव्हता, असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "तिथे मी नव्हतो. तुला जे ऐकू आलं, ते तुझं आहे, त्याला मी हात लावणार नाही. माझं तेवढं परत घेतो. त्या दिवसानंतर बावीस वर्षं मी सुट्टी घेतली नाही, ती निष्ठा नव्हती. भीती होती. पुन्हा थांबलो तर लोकांना कळेल, की मागच्या वेळी काय झालं होतं. आणि ती भीती मी तुला भक्ती म्हणून शिकवली. आज दुपारीसुद्धा. 'सेवेला सुट्टी नसते' म्हणे! ज्याची सेवा करतो, त्यानं स्वतः सातव्या दिवशी विसावा घेतला, आणि मला जास्त कळतं."

"मामाकडे तुम्ही काय केलंत तीन महिने? मला आमचं खेळणंच आठवतंय."

"झोपलो. मग तुझ्या मामाच्या मागच्या अंगणात वाफे होते, त्यांना पाणी घातलं. कुणी काही बोलायला सांगितलं नाही. तुझी आई रोज माझ्या वतीनं प्रार्थना करायची, मी नुसता बसायचो. दुसऱ्या महिन्यात एकदा पाणी घालताना मला रडू आलं. मग हळूहळू भूक लागायला लागली."

मोठीनं मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. साबणानं त्यांची सालं निघाली होती. ते कधी झालं, तिला आठवेना.

"आज प्रार्थना कोण करणार?" आईनं विचारलं.

"मी करते," सवयीनं मोठी म्हणाली, आणि सगळे उठून उभे राहिले. तिनं डोळे मिटले. नेहमीचे शब्द ओळीनं तयार होते, तेवीस वर्षं तेच तर वापरले होते. पण त्यांना हात लावावा असं तिला वाटेना. ती उभी राहिली. कुणीच बसलं नाही. भिंतीवरचं घड्याळ चालत राहिलं. पप्पांचा एक हात कुबडीवर आणि दुसरा टीचरच्या खांद्यावर आहे, हे तिला डोळे मिटूनही कळत होतं.

"आमेन," आई म्हणाली.

मोठीनं मागे हात नेऊन बॅगेची चेन उघडली, आणि नावांची निळ्या पुठ्ठ्याची वही बाहेर काढली.

*

सोमवारी सातला गाडीचा हॉर्न वाजला, तेव्हा धाकटा पप्पांच्या पायाशी स्टुलावर बसला होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"रक्त नाही ना यात?"

"पाय माझा आहे," पप्पा म्हणाले. "तुझ्या तोंडाकडे बघून वाटतंय, तुझाच कापताहेत."

मोठी समोरच्या खुर्चीवर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. ही अट टीचरनं घातली होती: सांगायचं, पण हात लावायचा नाही. "आधी हात धू. मग जुनी पट्टी ओली कर. ओढू नकोस, भिजू दे. घाई कुणाला आहे?"

"मला आहे. दुकान नऊला उघडतं."

"आता दहाला उघडेल," टीचर म्हणाली. ती खिडकीत बसून चहा पीत होती. चहा गरम होता. चार वर्षांत सकाळचा चहा आपण बसून प्यायलो नव्हतो, हे तिला दुसऱ्या घोटाला कळलं, आणि कप दोन्ही हातांत धरून ती सावकाश पीत राहिली.

हॉर्न पुन्हा वाजला. मोठी वही घेऊन जिना उतरून खाली गेली. ड्रायव्हरमामा गाडीतली औषधांची खोकी नीट लावत होते. तिच्या हातात बॅग नाही, हे पाहून ते थांबले.

"सिस्टर, तुम्ही?"

"मी बत्तीस दिवसांनी येईन, मामा. छोट्या सिस्टरला सांगा, अधीक्षकांना मी आज फोन करते. तिच्या मदतीला माणूस पाठवा म्हणून. हे मी दोन वर्षांपूर्वीच मागायला हवं होतं. आणि ही वही तिला द्या. माझ्याबरोबरच खाली आली होती. तिथे काय वाचताहेत कोण जाणे."

"आठवून आठवून वाचतात. रोज दोघं-तिघं राहतात, मग ते रुसतात." मामांनी वही छातीच्या खिशात बसते का पाहिलं, बसली नाही, मग शर्टाच्या आत सरकवली. "अरे हो. बँडमास्तरांचा निरोप आहे. मी म्हटलं, सिस्टर आज वर येतील बहुतेक. तर म्हणाले, तिला म्हणावं, घाई करू नकोस. मी थांबतो."

मोठीनं आधी मान हलवली. मग ते शब्द कुठेतरी आत पोहोचले. मी थांबतो. आधी नाष्टा, आणि आता मी थांबतो. तिच्या ओठांचा कोपरा हलला, आणि पंधरा दिवस उशिरानं तिला हसू आलं. आधी नाकातून, मग सगळ्या अंगातून. इतकं, की तिला जिन्याचा कठडा धरावा लागला. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ते कुठलं, हे तिनं वेगळं काढून पाहिलं नाही. मामा खोकं हातात धरून अवघडल्यासारखे उभे राहिले.

"त्यांना सांगा," श्वास सावरल्यावर ती म्हणाली, "सांगा, सिस्टर हसली."

मामांनी मान डोलावली. शर्टातून वही पुन्हा काढून त्यांनी शेवटचं पान उलटलं. रस्त्यात काही पडू नये, म्हणून कागद मोजून घ्यायची त्यांची सवय होती.

"ही दोन नावं नवीन दिसतात. शाई ताजी आहे." त्यांनी डोळे बारीक केले. "हे तर तुमचंच आहे. आणि हे दुसरं?"

वरून टीचरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तिला सगळं ऐकू येत होतं.

"ताई! माझं कशाला? मी कुठे आजारी आहे?"

"दमलेल्यांची वेगळी यादी नाही आमच्याकडे," मोठी वर बघून म्हणाली.

"ही कुठे वाचायला सांगू?" मामांनी विचारलं.

"जे आहेत, त्यांच्यात. छोट्या सिस्टरला म्हणावं, पान नीट बघून वाच."

गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती बघत उभी राहिली. पाय आपोआप वर, पप्पांच्या खोलीकडे निघाले होते. तिसऱ्या पायरीवर तिनं ते थांबवले आणि ती तिथेच बसली, आठवड्यापूर्वी घासलेल्या कठड्याला डोकं टेकून.

"ताई!" वरून धाकट्याची हाक आली. "गाठ कुठल्या बाजूला मारायची?"

"बाहेरच्या," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "झोपेत रुतत नाही."